मोबाइलवर शंभर मॉक टेस्ट दिल्या, पण माउस कधी धरलाय का?

माझा चुलतभाऊ बारावी सायन्सला आहे. बीड जिल्ह्यातल्या एका गावात राहतो, कॉलेज तालुक्याला. मोबाइलवर त्याचे अंगठे इतके सुसाट चालतात की बघणाऱ्याला चक्कर यावी. रील एडिट करणं, फॉर्म भरणं, आजोबांचं पेन्शनचं केवायसी, सगळं तोच करतो. दिवाळीत तो आमच्याकडे पुण्याला आला, तेव्हा मी त्याला माझ्या डेस्कटॉपसमोर बसवलं, सीईटीच्या धर्तीवरची फिजिक्सची मॉक टेस्ट लावून दिली आणि चहा घेऊन शेजारी बसलो.

पहिली गोष्ट त्याने काय केली असेल? बोट उचललं आणि स्क्रीनला लावलं. मग स्वतःच हसला. माउस धरला, बाण उजवीकडे न्यायला लागला आणि माउस टेबलाच्या कडेला जाऊन थांबला. आता पुढे कसं जायचं? माउस उचलून परत मध्ये ठेवता येतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आकृतीचा प्रश्न आला तेव्हा दोन बोटं हवेत फाकवून विचारलं, "दादा, हे मोठं होत नाही का?"

४५ मिनिटांनी मी विचारलं, किती सोडवले? म्हणाला, ४१. स्क्रीनवर हिरवे चौकोन होते २९.

उरलेले १२ गेले कुठे? उत्तर त्याने निवडलं होतं, पण 'सेव्ह अँड नेक्स्ट' न दाबता उजवीकडच्या नंबरांच्या पॅलेटवर क्लिक करून तो थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारत होता. त्याच्या मोबाइल ॲपमध्ये पर्यायावर टॅप केलं की उत्तर आपोआप सेव्ह होतं. इथे तसं नाही. जेईईसारख्या परीक्षांच्या सूचनांमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं असतं: पॅलेटवरून दुसऱ्या प्रश्नावर गेलात तर चालू प्रश्नाचं उत्तर सेव्ह होणार नाही. पण सूचना कोण वाचतं? आपण सगळेच 'आय ॲग्री'वर टिक करून पुढे जाणारे.

ते १२ प्रश्न मी त्याला तोंडी विचारले. ९ बरोबर आले.

हा एकट्याचा किस्सा नाही

आपल्याकडे प्रवेश परीक्षा आता जवळपास सगळ्याच कॉम्प्युटरवर गेल्यात. एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते. त्याच वर्षी जेईई मेन राष्ट्रीय चाचणी संस्थेकडे, म्हणजे एनटीएकडे गेली आणि पूर्ण कॉम्प्युटरवर आली. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी २०२२ मध्ये सुरू झाली. २०२४ ला तिचे काही पेपर पेन-कागदावर घेतले, पण २०२५ ला पुन्हा सगळं कॉम्प्युटरवर. नीट २०२५ मध्येही कागदावरच झाली. पण २०२४ च्या पेपरफुटीच्या गदारोळानंतर नेमलेल्या, इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीचा कल कॉम्प्युटरच्याच बाजूने होता.

आणि 'हे इंजिनिअरिंगवाल्यांचं झंझट' असं समजू नका. लॉ, बी.एड., एमबीए, नर्सिंग यांच्या सीईटी आहेत, आणि २०२४ पासून बीबीए-बीसीएलाही राज्याची सीईटी लागली. बारावी आर्ट्स करून बी.एड.कडे जाणाऱ्या मुलीने कॉलेजमध्ये कॉम्प्युटरला हात लावलेला असेलच असं नाही. तिलाही त्याच खुर्चीवर बसायचंय.

आता आकडे बघा. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता, शहरी घरांत २३.४ टक्के. हे जुनं झालं म्हणाल, तर 'असर २०२३' घ्या. त्यात खेड्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना विचारलं होतं. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप? फक्त ९ टक्के घरांत. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता त्यांतल्या ८५ टक्के मुलांना तो वापरता येत होता, नव्हता त्यांतल्या जेमतेम ३४ टक्क्यांना.

"आजची पोरं मोबाइल घेऊनच जन्मलीत, त्यांना कॉम्प्युटर काय अवघड?" हे वाक्य मी प्राध्यापकांकडून ऐकलंय, क्लासवाल्यांकडून ऐकलंय आणि खरं सांगायचं तर दिवाळीपर्यंत मीही हेच म्हणत होतो. मोबाइलवर जिथे बघतो तिथेच बोट जातं. माउसमध्ये हात टेबलावर आणि नजर समोर. हाताने किती सरकवलं की बाण किती जातो, हा अंदाज मेंदूला वेगळा शिकावा लागतो. स्क्रोल तर चक्क उलटं: मोबाइलवर खाली जायला बोट वर सरकवतो, माउसचं चाक त्यासाठी स्वतःकडे फिरवायचं. लांबलचक प्रश्नाचा चौथा पर्याय स्क्रीनच्या खाली लपलेला असतो आणि तो आहे हेच लक्षात येत नाही. यात बुद्धीचा काही संबंध नाही. सायकल येणाऱ्याने पहिल्यांदा रिक्षाचं हँडल धरावं तसं हे आहे.

पाच सेकंदांचा हिशोब

'थोडा वेळ जास्त लागेल, त्यात काय' असं वाटत असेल तर गणित करू. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम ग्रुपला फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. ही ९० मिनिटं संपली की तो भाग बंद होतो, मग गणिताचे ५० प्रश्न, पुढच्या ९० मिनिटांत.

समजा माउसच्या अवघडलेपणामुळे दर प्रश्नाला फक्त ५ सेकंद जास्त गेले. १०० प्रश्नांचे ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटं २० सेकंद. तेवढ्या वेळात ९ प्रश्न झाले असते. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे जिथपर्यंत पोहोचताच आलं नाही, तो प्रत्येक प्रश्न सरळ तोटा आहे.

आणि निकाल लागतो पर्सेंटाइलमध्ये. तुमच्याच सत्रातल्या किती टक्के मुलांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळाले, हा तो आकडा. सत्रात समजा १०,००० मुलं असतील, तर १ पर्सेंटाइल म्हणजे १०० मुलं. मधल्या गुणांवर गर्दी खूप असते. तिथे चार-पाच गुण इकडेतिकडे झाले की कॉलेज बदलतं, कधी शहर बदलतं. शहर बदललं की होस्टेलचा खर्च येतो, आणि गावाकडच्या घरात, विशेषतः मुलीच्या बाबतीत, शिकायला पाठवायचं की नाही हा प्रश्न अनेकदा तिथेच निकालात निघतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१५ आणि २०१६ मध्ये शाळांची एकच परीक्षा काही भागांत कागदावर आणि काही भागांत कॉम्प्युटरवर झाली. दोन संशोधकांनी निकालांची तुलना केली. कॉम्प्युटरवर परीक्षा देणाऱ्या मुलांचे गुण कमी आले, भाषेत जास्त कमी आणि गणितात थोडे कमी. पण मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं: दुसऱ्या वर्षी गणितातला फरक साधारण एक तृतीयांशावर आला आणि भाषेतला निम्म्यावर. म्हणजे मधल्या वर्षात मुलं हुशार झाली असं कुणी म्हणणार नाही. सवय झाली. आपल्या मुलांची अडचण ही आहे की त्यांचं 'पहिलं वर्ष' थेट सीईटीच्या दिवशी येतं.

दिसणारी चूक आणि न दिसणारी चूक

२०२५ ची एक बातमी आठवत असेल. २७ एप्रिलच्या सीईटी सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत चुका निघाल्या. मुलांनी, पालकांनी आवाज उठवला आणि ५ मे रोजी त्या सत्राची फेरपरीक्षा झाली. चूक यंत्रणेची होती, सगळ्यांना दिसली, दुरुस्त झाली.

माझ्या भावाचे ते १२ प्रश्न कुणाला दिसणार? परीक्षेनंतर लॉगिनमध्ये रिस्पॉन्स शीट येते. तिथे अशा प्रश्नापुढे 'नॉट आन्सर्ड' एवढंच लिहिलेलं असतं आणि निवडलेल्या पर्यायाच्या जागी दोन आडव्या रेघा. ज्याला येत नव्हतं म्हणून सोडलं आणि ज्याला येत होतं पण सेव्ह झालं नाही, दोघांच्या शीटवर रेघा सारख्याच. मुलगाही समजतो की आपलाच अभ्यास कमी पडला. त्यामुळे तक्रार होत नाही, आंदोलन होत नाही आणि बातमीही होत नाही.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. २०१८ मध्ये जेईई कॉम्प्युटरवर नेताना एनटीएने देशभरात सुमारे २,७०० 'टेस्ट प्रॅक्टिस सेंटर' जाहीर केली होती. शाळा-कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शनिवार-रविवारी खेड्यातल्या मुलांनी यायचं, फुकट सराव करायचा. कल्पना एकदम बरोबर होती. मग २०२० ला लॉकडाऊन लागलं, लॅब बंद झाल्या आणि मे महिन्यात 'नॅशनल टेस्ट अभ्यास' हे ॲप आलं. तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. पण गंमत बघा, कॉम्प्युटरवरच्या परीक्षेचा सराव मोबाइलवर! प्रश्नांचा सराव होतो, वेळ लावायची सवय होते, पण हाताला काहीच कळत नाही. आज बहुतेक मुलांची 'ऑनलाइन टेस्टची तयारी' अशीच, सहा इंचाच्या स्क्रीनवर चाललीय. राज्याच्या सीईटी सेलच्या मॉक टेस्टची लिंकही आपण उघडतो ती मोबाइलच्याच ब्राउझरमध्ये.

राज्य सरकारने २०२६-२७ च्या प्रवेशांपासून पीसीएम, पीसीबी आणि एमबीएची सीईटी वर्षातून दोनदा घ्यायचं जाहीर केलंय. चांगलंच आहे. पण पहिली संधी माउस शिकण्यात घालवायची आणि दुसरी खऱ्या परीक्षेत, हे शहरातल्या मुलाला करावं लागत नाही. तो दोन्ही संधी गुणांसाठीच वापरतो.

माझ्या मते मागणी साधी असायला हवी: हॉल तिकिटाबरोबर जवळच्या केंद्रावर एक तासाचा सराव. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅब रविवारी रिकाम्याच असतात. २००१ पासून चाललेल्या एमएस-सीआयटीमुळे तालुक्याच्या गावीही कॉम्प्युटर सेंटर सापडतं. त्यासाठी नवीन इमारत किंवा ॲप काढायला नको, एक वेळापत्रक काढायचंय. (ॲप काढायचा मोह आवरणं हेच बहुधा अवघड जाईल.)

तोपर्यंत आपण काय करायचं?

चार-पाच तास लागतात, एवढंच. तेही सलग नाही, आठवड्याला एक याप्रमाणे.

सगळ्यात स्वस्त जुगाड आधी सांगतो. साधा वायरवाला माउस आणि एक ओटीजी कनेक्टर, दोन्ही मिळून तीन-चारशे रुपयांच्या आसपास मिळतात. ओटीजी मोबाइलच्या चार्जिंगच्या जागी लावायचा, त्यात माउस. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये लगेच स्क्रीनवर बाण येतो. (काही फोनमध्ये सेटिंगमधून ओटीजी चालू करावं लागतं, काहींमध्ये चालतच नाही. आधी मित्राच्या ओटीजीवर तपासा आणि मगच पैसे घाला.) ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' निवडा, फोन भिंतीला टेकवून उभा ठेवा आणि मॉक टेस्ट फक्त माउसने सोडवा. स्क्रीन लहानच राहील, पण हात शिकतो. घरी अँड्रॉइड टीव्ही असेल तर हाच माउस टीव्हीच्या यूएसबीला लावून बघा.

खऱ्या कॉम्प्युटरवर किमान दोन पूर्ण टेस्ट मात्र द्याच. कॉलेजची लॅब, एमएस-सीआयटीचा क्लास, ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान, जे मिळेल ते. दुकानदाराला 'गर्दी नसेल तेव्हा दीड तास बसू द्या' म्हणा, पैसे ठरवून घ्या. आणि पहिली पंधरा मिनिटं टेस्ट लावूच नका, सॉलिटेअर खेळा. चेष्टा नाही करत. मायक्रोसॉफ्टने १९९० मध्ये विंडोजमध्ये हा पत्त्यांचा खेळ टाकला, तो लोकांना माउसने ओढून-सोडायची सवय व्हावी म्हणूनच, असं सांगितलं जातं. घरच्यांनी हटकलं तर माझं नाव सांगा.

मग स्क्रीनचे रंग. वेगवेगळ्या परीक्षांत थोडा फरक असतो, पण साधारणपणे हिरवा म्हणजे उत्तर सेव्ह झालं, लाल म्हणजे प्रश्न उघडला पण उत्तर सेव्ह नाही, जांभळा म्हणजे 'नंतर बघू' म्हणून खूण केली पण उत्तर दिलेलं नाही. जांभळ्यावर हिरवा ठिपका असेल तर उत्तर दिलंय आणि खूणही केलीय. जेईईच्या सूचनांप्रमाणे हे उत्तर तपासलं जातं. तुमच्या परीक्षेत काय आहे ते त्या परीक्षेच्या सूचनांमध्ये एकदा, घरी बसून, शांतपणे वाचा. शेवटची दोन मिनिटं फक्त पॅलेटकडे बघायची: लाल दिसतंय का? माझ्या भावाला मी एवढी एकच सवय लावली आणि पुढच्या टेस्टला हरवलेले प्रश्न १२ वरून २ वर आले.

जेईईमध्ये आकड्यांत उत्तर लिहायचे प्रश्न असतात. ते आकडे की-बोर्डने टाइप करायचे नसतात, स्क्रीनवरच्या की-पॅडवर माउसने एकेक अंक क्लिक करायचा असतो. पहिल्यांदा करताना वैताग येतो. चार वेळा केलं की येत नाही.

रफ कामाबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर. कागदी पेपरवर आपण प्रश्नाच्या शेजारीच खरडतो, आकृतीवरच रेघ मारतो. इथे प्रश्न समोर उभा आणि कागद खाली आडवा. आकडे उतरवून घेताना ०.०५ चं ०.५ होतं. त्यामुळे सराव करताना कोरे कागद घेऊनच बसा, प्रत्येक गणिताशेजारी प्रश्न क्रमांक लिहा, म्हणजे परत आल्यावर तेच गणित पुन्हा मांडावं लागणार नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना आणखी एक त्रास: पेन ठेवा, माउस धरा, माउस सोडा, पेन उचला, असं शंभर वेळा. पेन बोटांत तसंच अडकवून माउस हलवायची सवय करा, जमतं. डावखुऱ्यांची इथे चक्क मजा आहे. एका हातात पेन, दुसऱ्यात माउस. सगळं जग उजव्यांसाठी बनलंय म्हणणाऱ्या माझ्या डावखुऱ्या मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती पाच मिनिटं हसत होती.

परीक्षेच्या दिवशी खुर्चीवर बसलात की सूचनांचा स्क्रीन चालू असतानाच माउस हलवून बघा. बाण अडकतोय, चाक फिरत नाही, क्लिक दोनदा दाबावं लागतंय, यातलं काहीही असेल तर तेव्हाच हात वर करा आणि बदलून मागा. घड्याळ सुरू झाल्यावर संकोच महाग पडतो. गावाकडच्या मुलांना हे अवघड जातं, मला माहितीय. 'सर काय म्हणतील' हा विचार आधी येतो. मध्येच कॉम्प्युटर बंद पडला तर घाबरू नका, तुमची सेव्ह झालेली उत्तरं सहसा सर्व्हरवर असतात आणि दुसऱ्या मशीनवर बसवून पुढे चालू करता येतं. पण लगेच सांगा, आणि पुन्हा सुरू झाल्यावर उरलेला वेळ तेवढाच आहे ना, हे बघून घ्या.

कॉम्प्युटरवरची परीक्षा वाईट असं मी म्हणत नाही. ओएमआर शीटवर एक गोळा चुकला की खालची सगळी रांग घसरायची, रंगवलेला गोळा खोडता यायचा नाही. इथे शेवटच्या मिनिटापर्यंत उत्तर बदलता येतं. पद्धत चांगली आहे, फक्त तिच्यात शिरण्याचं दार काहींच्या घरात आहे आणि काहींच्या तालुक्यातही धड नाही.

भाऊ आता दर रविवारी तालुक्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये जातो. तासाचे पैसे ठरलेत. परवा त्याचा फोन आला होता. त्याच्या वर्गातली आणखी चार मुलं यायला लागलीत आणि क्लासमध्ये रविवारी चालू असतात फक्त तीन मशीन. त्यामुळे एकाने सोडवायचं आणि दुसऱ्याने शेजारी बसून लाल चौकोन मोजायचे, असं सुरू केलंय. विचारत होता, तुझ्याकडचा जुना माउस आहे का पडलेला? कुरिअरने पाठवून दिला.